गार कॉइल खरं बोलत नाही: जुन्या गाडीची इग्निशन कॉइल तपासायची कशी आणि जपायची कशी

एप्रिलची दुपार, मुंबईहून नाशिकला परत येत होतो. कसारा घाटाच्या निम्म्यात आमच्या पद्मिनी गाडीने आचके दिले आणि बंद पडली. मेहुणा म्हणाला, "दाजी, व्हेपर लॉक आहे, नळीत पेट्रोलची वाफ झालीय. फ्युएल पंपावर ओलं फडकं टाका." मला संशय कॉइलचा. शेवटी त्याने आपला रुमाल भिजवून पंपावर ठेवला, मी माझा कॉइलवर. वीस मिनिटांनी सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. इगतपुरीला चहा पिताना दोघंही आपापल्या रुमालाचं कौतुक करत होतो.

घरी येऊन मल्टीमीटर लावला. कॉइलच्या आत तारेची दोन वाइंडिंग असतात: प्रायमरी १.५ ओहम आली, सेकंडरी ८ किलोओहम. वाइंडिंग तुटलेलं नाही म्हणजे कॉइल चांगली, असं ठरवून मोकळा झालो. महिन्याभराने वणीहून येताना पुन्हा तेच. या वेळी मेहुणा सोबत नव्हता, रुमालही एकच होता आणि मीटर डिकीत होता. कॉइल तापलेली असतानाच मोजलं तर सेकंडरी ओपन, म्हणजे तार तुटलेली. मीटर काही दाखवेचना. अर्ध्या तासाने गार झाल्यावर तीच कॉइल पुन्हा ८ किलोओहम दाखवत होती.

कॉइलमध्ये चूक होतीच, पण मोठी चूक माझी होती. मी ती गार असताना मोजली आणि १.५ हा आकडा माझ्या गाडीसाठी बरोबर आहे का, हे पाहिलंच नाही. म्हणून पुढे सगळं क्रमाने लिहितो. हे मुख्यतः डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) आणि पॉइंट (त्याच्या आतला उघडमिटीचा स्विच) असलेल्या गाड्यांसाठी आहे: पद्मिनी, अॅम्बेसेडर, कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्या. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांबद्दल शेवटाकडे थोडं येईल.

कॉइल नेमकं करते काय

डब्यात लोखंडी गाभ्यावर दोन वाइंडिंग असतात. प्रायमरी जाड तारेचं, काहीशे वेढ्यांचं. सेकंडरी केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट प्रायमरीतून वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळतं आणि सेकंडरीत वीस-पंचवीस हजार व्होल्ट तयार होऊ शकतात. हे लक्षात ठेवा: स्पार्क पॉइंट *उघडताना* पडतो, मिटताना नाही. पुढच्या निम्म्या तपासण्या यावरच आहेत.

जुन्या डब्याच्या कॉइलमध्ये तेल असतं. ते इन्सुलेशनचं काम करतं आणि आतली उष्णता डब्याच्या पत्र्यापर्यंत आणून सोडतं. तेल गळालं की कॉइलचे दिवस भरले.

आधी ठरवा, करंट नाही की पेट्रोल नाही

सेल्फ मारून गाडी लागत नसेल तर एक प्लग काढा. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येतोय, तर पेट्रोल पोचतंय, स्पार्क नाही. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर कॉइलला हात लावू नका, पंप आणि कार्ब्युरेटर बघा. आमच्या दोन रुमालांचा वाद या दोन मिनिटांच्या कामाने मिटला असता.

आणखी एक खूण सांगतो, पण ती पक्की मानू नका. व्हेपर लॉकमध्ये गाडी सहसा आचके देत, भुकेल्यासारखी होऊन बंद पडते. कॉइल गेली की बऱ्याचदा चावी बंद केल्यासारखी एकदम शांत होते. पण कॉइल हळूहळू दम सोडत असेल तर तीही आचके देते. माझ्या गाडीने तेच केलं.

हत्यारं

डिजिटल मल्टीमीटर, बारा व्होल्टचा टेस्टलॅम्प, फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), दोन क्लिपवाली एक लांब वायर, रबरी मुठीची पक्कड आणि एक जुना प्लग. प्लगचा खालचा वाकडा इलेक्ट्रोड कापून टाका, झाला तुमचा स्पार्क टेस्टर. हे सगळं नाशिकच्या द्वारका चौकाच्या बाजूला हिंडलात तर एका फेरीत मिळतं.

धोक्याचंही आत्ताच सांगतो. एचटी वायरचा, म्हणजे कॉइलमधून निघणाऱ्या हाय टेन्शन वायरचा झटका जबरदस्त बसतो. झटका बसून हात मागे घेताना तो फॅनमध्ये गेला तर इजा त्याहून मोठी. ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी चालू इग्निशनच्या जवळ उभंही राहू नये. पेट्रोल सांडलेलं असेल तर पुसा, वाळू द्या, मगच स्पार्क पाडा.

पहिली पायरी: नुसतं बघा

चावी बंद. कॉइल फडक्याने स्वच्छ पुसा आणि उजेडात न्या. एचटी वायर जिथे खोचतात त्या मधल्या टॉवरच्या बुडाशी तेलकट ओल दिसली तर कॉइल बदलायची, पुढचं मोजमाप करायचं नाही. टॉवरवर विजेच्या रेघेसारखी बारीक काळी नागमोडी रेघ असेल तर ते कार्बन ट्रॅकिंग. करंट त्या रेघेवरून पळतो. काही जण ती पॉलिश पेपरने घासतात. आठवडाभर बरं चालतं, मग पावसाच्या पहिल्या दिवशी गाडी रस्त्यात बसते.

एचटी वायर टॉवरमधून उपटून आतलं पितळ बघा. हिरवट-पांढरा थर म्हणजे वायर नीट बसत नव्हती आणि आतल्या आत ठिणग्या पडत होत्या. थर हलका असेल तर साफ करून चालतं. दोन बारीक टर्मिनलचे नट हाताने हलवून पाहा. हलले, तर तुमचा निम्मा आजार तिथेच असू शकतो. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर वायरिंगवर उंदराचे दात शोधा. मळ्यातल्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

दुसरी पायरी: व्होल्ट

कॉइल काढायच्या आधी तिच्यापर्यंत वीज येते का ते बघायचं. ही पायरी लोक गाळतात आणि चांगल्या कॉइली भंगारात जातात.

डिस्ट्रिब्युटर कॅप काढा, इंजिन हाताने फिरवून पॉइंट उघडे राहतील असं थांबवा. चावी ऑन. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन कॉइलच्या + टर्मिनलवर. बॅटरीएवढे व्होल्ट यायला हवेत. आता लाल पिन − टर्मिनलवर न्या. पॉइंट उघडे असताना इथेही तेवढेच व्होल्ट दिसले पाहिजेत, कारण करंट वाहत नाही आणि प्रायमरी म्हणजे नुसती एक तारच. + ला बारा आणि − ला शून्य आलं, तर शक्यता दोन: प्रायमरी तुटलीय, किंवा − कडची वायर पुढे कुठे तरी बॉडीला टेकलीय. निकाल सोपा आहे. − वरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर सोडवा. व्होल्ट आले तर कॉइल निर्दोष. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा पॉइंटची वायर घासलीय. तरीही आले नाहीत तर कॉइल मेली.

मग पॉइंट मिटतील असं इंजिन फिरवा. आता − टर्मिनलवर जवळजवळ शून्य दिसायला हवं, ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसत असेल तर पॉइंट जळालेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या प्लेटची अर्थिंगची बारीक वेणी तुटलीय. ही वेणी, इंजिनच्या ओढीनुसार स्पार्कची वेळ सरकवणाऱ्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सबरोबर सतत हलते, कापडाखाली तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. पॉइंट मिटलेलेच ठेवून मीटर बॅटरी + आणि कॉइल + यांच्यामध्ये लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर इग्निशन स्विच, फ्यूज किंवा एखादा जोड करंट खातोय.

एक अपवाद. ज्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलच्या आधी जोडलेला, करंट कमी करणारा रोध) आहे तिथे पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या + वर ६ ते ८ व्होल्टच दिसतात. तो दोष नाही, रचनाच तशी आहे.

स्विचचा संशय आला तर बॅटरी + वरून थेट कॉइल + ला वायर जोडून सेल्फ मारा. गाडी लागली तर चोर स्विचच्या बाजूला. मात्र आता चावी फिरवून इंजिन बंद होणार नाही, ती वायरच काढावी लागते. बॅलास्टवाल्या गाडीत ही वायर मिनिटभराहून जास्त ठेवू नका.

तिसरी पायरी: ओहम

चावी बंद, कॉइलच्या सगळ्या वायरी सुट्ट्या. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून आकडा बघा. स्वस्त मीटरमध्ये ०.३ ते ०.५ ओहम त्या पिनांचाच असतो. तो वजा करायचा. दीड आणि दोन ओहमचा फरक ओळखायचा असताना हा अर्धा ओहम फार महाग पडतो.

प्रायमरी: + आणि − यांच्यामध्ये. बॅलास्टशिवाय चालणारी पॉइंटची कॉइल साधारण ३ ओहम दाखवते. बॅलास्टसोबत चालणारी साधारण १.५. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या बऱ्याच कॉइली एक ओहमच्याही खाली असतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरा.

सेकंडरी: मीटर २० किलोओहमवर, एक पिन मधल्या टॉवरच्या पितळेला, दुसरी + किंवा − ला. डब्याच्या कॉइलमध्ये ६ ते १२ किलोओहमच्या आसपास येतं. तिसरं, कोणतंही टर्मिनल आणि डब्याचा पत्रा: इथे काहीच दाखवता कामा नये.

आता माझं दुखणं. माझ्या गाडीत बॅलास्ट नाही, तिला ३ ओहमची कॉइल लागते. एका दुकानातून "सगळ्या गाड्यांना चालते" म्हणून जी मिळाली ती १.५ ची होती. हिशेब करून बघा: बारा भागिले तीन, ४ अँपिअर. बारा भागिले दीड, ८ अँपिअर. दुप्पट करंट, म्हणून पॉइंट काळे पडायचे आणि कॉइल भाजून निघायची. मी बिचाऱ्या पॉइंटना शिव्या देत दर दोन महिन्यांनी ते बदलत होतो. नवी कॉइल घ्याल तेव्हा मीटर दुकानात घेऊन जा आणि काउंटरवरच मोजा. दुकानदार हसला तर हसू द्या.

चौथी पायरी: गरम असताना पुन्हा तेच

गाडी चालत असेल तर तासभर फिरवून आणा. नाशिकमध्ये यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी द्वारका सर्कलचा ट्रॅफिक पुरतो. घरी येऊन लगेच बॉनेट उघडा आणि ओहम पुन्हा मोजा. गाडी चालतच नसेल तर केस वाळवायच्या ड्रायरने दहा-पंधरा मिनिटं कॉइल तापवा.

इथे एक गोष्ट माहीत नसेल तर चांगली कॉइल फेकाल. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. २५ अंशाला ३.० ओहम दाखवणारी कॉइल ८५ अंशाला ३.७ दाखवणार. हे योग्यच आहे. सेकंडरीही त्याच प्रमाणात चढेल. काळजीचं काय? आकडा चढण्याऐवजी उतरला, तर वेढे आपसात शॉर्ट होताहेत. आकडा उड्या मारतोय किंवा मीटर ओपन दाखवतोय, तर आतली तार तापून ताणली की तुटते आणि गार झाली की पुन्हा टेकते. कॉइलवर हलके टिचक्या मारत मीटर बघा, कधी कधी तिथेच सापडतं.

आणि घाटात प्रसंग आलाच तर एका वेळी एकच रुमाल. आधी स्पार्क बघा. नसेल तर ओलं फडकं फक्त कॉइलच्या डब्याला गुंडाळा, टॉवर आणि टर्मिनल कोरडे ठेवून. मग पुन्हा स्पार्क बघा.

पाचवी पायरी: स्पार्क

मीटर आपल्या छोट्या बॅटरीवर चालतो. वीस हजार व्होल्टला इन्सुलेशन टिकेल का, हे त्याला कळणं शक्य नाही. म्हणून सगळे आकडे बरोबर आले तरी ही तपासणी टाळू नका.

डिस्ट्रिब्युटर कॅपमधली मधली एचटी वायर काढून कापलेल्या प्लगला लावा. प्लगचं धातूचं अंग क्लिपच्या वायरने इंजिन ब्लॉकला पक्कं जोडा. कार्ब्युरेटरपासून लांब ठेवा. मेहुणा उपलब्ध असेल तर त्याला सेल्फ मारायला सांगा. एकटे असाल तर कॅप काढून, पॉइंट मिटलेले ठेवून, चावी ऑन करा आणि आइस्क्रीमच्या लाकडी काडीने पॉइंट झटकन उघडा. दर उघडण्याला एक ठिणगी.

निळसर-पांढरी, जाड, "टक्‌" असा स्पष्ट आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी-नारिंगी, दोऱ्यासारखी बारीक असेल तर लगेच कॉइलला दोष देऊ नका, आधी कंडेन्सर बदलून बघा. कंडेन्सर साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो आणि तो गेला की पॉइंटमध्येच मोठी ठिणगी पडते. काडीने पॉइंट उघडताना तिथे लखलखाट दिसला तर आरोपी तोच. किमतीत कॉइलपुढे तो काहीच नाही, म्हणून नेहमी आधी त्याचा नंबर.

एचटी वायर हवेत लटकत ठेवून सेल्फ कधीच मारू नका. बाहेर वाट मिळाली नाही की ते व्होल्ट कॉइलच्या आतच वाट शोधतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मॉड्यूलही जातं.

पावसाळ्याचं वेगळं

आपल्याकडे गंमत अशी की नाशिक शहरात भुरभुर असते आणि त्र्यंबकच्या, इगतपुरीच्या बाजूला गेलं की धो-धो. गावात ठणठणीत चालणारी गाडी तिकडे मिसिंग करायला, म्हणजे मधूनमधून स्पार्क चुकवायला लागते. त्यासाठी रात्रीची तपासणी. अंधारात, मोकळ्या हवेत, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि झाडांना पाणी मारायच्या स्प्रे बाटलीने कॉइलचा टॉवर, एचटी वायरी आणि कॅपवर नुसतं धुकं मारा. हात लांब, बाही आवळलेली. जिथे निळी चमक नाचताना दिसेल किंवा टकटक आवाज येईल तिथे करंट गळतोय. वायरी असतील तर एखाद-दुसरी न बदलता सगळा सेट बदला.

टॉवरच्या रबरी टोपीत आतून सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस हलकंसं लावा. साधं ग्रीस नको, ते रबर फुगवतं. कॉइलला प्लास्टिकची पिशवी बांधायची आयडिया बरेच जण सांगतात. वॉशिंग सेंटरवर धुताना तेवढ्यापुरती बांधा आणि आठवणीने काढा. कायमची ठेवली तर आत वाफ धरते आणि कॉइल गार व्हायची थांबते.

कॉइल मरते कशाने

कॉइलला ठरलेलं आयुष्य नसतं, तिला बहुतेक वेळा दुसरं कोणी तरी मारतं. इंजिन बंद आणि चावी ऑन, हा पहिला मारेकरी. पॉइंट मिटलेले राहिले तर ३ ओहमच्या कॉइलमध्ये ४ अँपिअर सतत वाहतात, म्हणजे ४८ वॉट. सोल्डरिंगची इस्त्री तेवढ्यात तापते. गाडीत बसून गाणी ऐकायची तर चावी अॅक्सेसरीवर ठेवा. जुन्या गाडीत ती सोय नसेल तर टेपची वायर वेगळी घ्या.

दुसरा मारेकरी प्लगचा गॅप. इलेक्ट्रोड झिजून गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि तो ताण इन्सुलेशनवर येतो. पाच हजार किलोमीटरला फीलर गेज लावा. पॉइंटचाही गॅप तेव्हाच बघा, आणि तो बदलला तर टायमिंगही सरकतं हे विसरू नका. तिसरा, चार्जिंग. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर आधी बघा, नाहीतर नवी कॉइलही त्याच वाटेने जाईल.

थंडीत उलटा प्रश्न येतो. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे. इंजिन ऑइल घट्ट, बॅटरी मलूल, आणि सेल्फ मारताना व्होल्ट इतके पडतात की कॉइलला पुरत नाहीत. सेल्फ चालू असताना बॅटरीवर ९.६ च्या खाली जात असेल तर कॉइल बिचारी काय करणार?

मिसिंग तसंच ठेवून चालवणाऱ्यांना एवढंच सांगतो: न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि पीयूसीच्या मशिनवर हायड्रोकार्बनचा आकडा चढलेला दिसतो. पंधरा वर्षांनंतरच्या रजिस्ट्रेशनसाठी पेठ रोडला आरटीओत जायच्या आधी हे निस्तरा.

नवी बसवताना

टर्मिनलच्या खुणा बघा: + आणि −, किंवा १५ आणि १, किंवा जुन्या लुकासवर एसडब्ल्यू आणि सीबी. निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या) गाडीत + किंवा १५ इग्निशनकडे. − किंवा १ डिस्ट्रिब्युटरकडे. एसडब्ल्यू-सीबीवाल्या कॉइली सहसा पॉझिटिव्ह अर्थसाठी बनलेल्या, म्हणून निगेटिव्ह अर्थला सीबी इग्निशनकडे आणि एसडब्ल्यू डिस्ट्रिब्युटरकडे. उलट जोडली तरी गाडी चालते, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपते. पण प्लगवर ठिणगी उलट्या ध्रुवाने पडते आणि तिला बरेच जास्त व्होल्ट लागतात. ब्रॅकेटखालचा गंज घासून घ्या, डबा पत्र्याला नीट टेकला तर उष्णता बाहेर जाते. शक्यतो टॉवर वर येईल अशी उभी बसवा.

डिस्ट्रिब्युटर नसलेल्या, दोन प्लगना मिळून एक कॉइल असलेल्या गाड्यांत सेकंडरी दोन टॉवरच्या मध्ये मोजायची, प्रायमरीशी तिचा संबंध नसतो. प्लगवरच बसणाऱ्या कॉइलमध्ये बऱ्याचदा आत इलेक्ट्रॉनिक भाग असतो, तिथे ओहमचे आकडे फसवतात. तिथे सोपी युक्ती: संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग तिच्यामागे गेलं तर तीच दोषी.

बाय द वे, नाशिकच्या मायको सर्कल या चौकामुळे अनेकांना वाटतं की आपल्या कॉइली इथेच बनतात. मायको कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं, चौकाचं मात्र नाही. पण नाशिकचा कारखाना डिझेलच्या नोझल आणि इंजेक्टरसाठी ओळखला जातो.

नवी बसवल्यावर जुनी चांगली असेल तर टाकू नका. स्पेअर म्हणून कोरी कॉइल डिकीत टाकण्यापेक्षा दोन-तीनशे किलोमीटर चालवून, गरम असताना मोजून पारखलेली ठेवलेली बरी. टॉवरमध्ये कापसाचा बोळा, वर कागदी पट्टी, आणि पट्टीवर गार आणि गरम असे दोन्ही आकडे. माझ्या डिकीतल्या कॉइलवर ३.१ आणि ३.६ लिहिलंय. शेजारी एक कंडेन्सर आणि दहा नंबरचा पाना, कारण घाटात नट हाताने सुटत नाही.